दवाखान्यातला बैलबाजार

उकंडाच्या आधी त्याच्या मायची लेकरं पाळण्यातच गेली होती. हे तरी जगावं म्हणून सुईणीनं त्याला जन्मल्याबरोबर सुपात घातलं आणि उकिरड्यावर नेऊन ठेवलं. शेजारणीनं तिथून उचललं, आणि मायनं पायलीभर ज्वारी देऊन आपलंच पोर तिच्याकडून विकत घेतलं. कोणीतरी टाकून दिलेलं आहे म्हटल्यावर मरण त्याच्याकडे ढुंकूनही पाहणार नाही, असा त्यामागचा विचार. पोर जगलं. नाव पडलं उकंडा, आणि शाळेच्या हजेरीपासून लग्नाच्या पत्रिकेपर्यंत तेच चाललं.

नव्यानं भेटणाऱ्या प्रत्येकाला तो ही गोष्ट सांगायचा आणि शेवटी म्हणायचा, “आपन त फेकलेला माल बाप्पा. जे भेटलं ते वरचं.”

कौसल्याला, त्याच्या बायकोला, हे फुकटात पदरात पडलेलं ‘वरचं’ ऐकून ऐकून वीट आला होता. राळेगाव तालुक्यातल्या त्या गावात दोघांचंही स्वतःचं वावर नव्हतं. ती निंदायला, कापूस वेचायला जायची. तो डवऱ्यानं कोळपायला, फवारायला. एक मुलगी, गुंजन, नववीत शिकत होती. कापसाचे दिवस फिरून बरीच वर्षं झाली होती. वावरवाल्यांचीच तोंडं सुकलेली, तिथं मजुराला कोण विचारतो? आठवड्यात निम्मे दिवस कामाचे, निम्मे वाट पाहण्याचे. आणि अशा दिवसांत उकंडा काय करायचा, तर रिकामी पिशवी सायकलच्या हँडलला अडकवून राळेगावच्या बाजाराला जायचा. संध्याकाळी परत यायचा, तीच पिशवी, तशीच रिकामी.

“काय आनलं?” ती विचारायची.

“पाहून आलो.”

मग तो हात-पाय धुवायचा आणि ओट्यावर बसून काय काय पाहिलं ते सांगायचा. कोणाच्या गोऱ्ह्याची शिंगं कशी कमानीसारखी होती, वांगी विकणारीनं ढीग कसा रचला होता, घासाघीस करता करता दोन बाया एकमेकींच्या नात्यातल्याच कशा निघाल्या. सांगताना त्याचे डोळे अगदी पोट भरल्यासारखे दिसायचे.

“पाहून पोट भरते का मानसाचं?”

“पुरं नाई भरत. पन अर्धं भरते.”

कौसल्या चुलीकडे तोंड करून भाकर थापत राहायची. आपण ऐकतो आहोत हे त्याला कळू नये याची ती काळजी घ्यायची. कळलं असतं तर तो थांबलाच नसता.

त्या वर्षी कपाशी भलतीच वाढली. माणसाच्या खांद्याच्याही वर गेली. वर हिरवंगार आणि आत अळी. सगळा तालुका पंप पाठीवर घेऊन वावरात उतरला. उकंडाला रोज हाक येऊ लागली. आज याच्याकडे, उद्या त्याच्याकडे. पंप नवे, बॅटरीवरचे, फवारा धुक्यासारखा बारीक. आणि झाडं इतकी उंच की वर मारलेलं औषध वाऱ्यासरशी तोंडावरच परत यायचं. तोंडाला बांधायला जुना दुपट्टा. भर उकाड्यात तोही थोड्या वेळानं गळ्यात यायचा.

एके दिवशी दुपारीच तो श्रीकृष्णभाऊंच्या वावरातून परत आला. सायकल न आणता, पायी. ओट्यावर बसला आणि म्हणाला, “कौसल्ये, आभाळ आलं का वं?”

कौसल्यानं बाहेर पाहिलं. अंगणात डोळे दिपावेत असं ऊन पडलं होतं. वाळत टाकलेल्या मुगाचा दाणा न् दाणा दिसत होता.

“नाई. काहून?”

त्यानं ओट्याच्या कडेला हात चाचपला, वाकला आणि त्याला उलट्या सुरू झाल्या.

श्रीकृष्णभाऊच त्याला घेऊन राळेगावला गेले आणि तिथून यवतमाळच्या सरकारी दवाखान्यात. गाडीत ते एकसारखं म्हणत होते, “मी त दुकानदारानं देल्लं तेच आनलं होतं वो वहिनी.” कौसल्याला त्यांच्यावर रागवायचं होतं, पण तेच आपल्या दुपट्ट्यानं उकंडाचं तोंड पुसत होते. राग कोणावर करावा हेच तिला कळेना. वावरवाल्याला दुकानदारानं दिलं, दुकानदाराला आणखी कोणी दिलं. हे कुठं जाऊन थांबत होतं ते दिसण्याइतकी लांबची नजर तिच्याजवळ नव्हती.

वार्डात पाय ठेवला आणि ती दारातच थबकली. सगळ्या खाटांवर उकंडासारखेच गडी. कोणी घामानं निथळणारा, कोणी बरळणारा. फवारणीच्या दवाईनं डोकं फिरतं, पेशंट सुया उपसून काढतात, म्हणून कितीकांचे हात कापडाच्या पट्ट्यांनी खाटेला बांधलेले. उकंडाचेही बांधले. डॉक्टर तरुण होते, झोप न मिळालेले दिसत होते. ते म्हणाले, “जीव वाचेल असं वाटतंय. डोळ्यांचं मात्र आत्ता काही सांगता येत नाही. वाट पाहावी लागेल.”

वाट पाहणं तिला जन्मापासून येत होतं. पण आजवर वाट पाहताना हाताला काहीतरी काम असायचं. इथं ते नव्हतं. ती स्टुलावर बसायची आणि बाटलीतलं पाणी थेंबथेंब खाली येताना पाहायची.

उकंडाचं बरळणं ओसरलं आणि तो गप्प झाला. हे त्याहून वाईट होतं. आयुष्यभर बोलणारा माणूस, भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. डोळे उघडे, पण त्यांच्यासमोर नुसता काळोख. कौसल्यानं ठरवलं, आता आपणच त्याला काहीतरी सांगावं. बराच वेळ विचार करून ती म्हणाली, “खिडकीत कबुतर बसलं हाय.”

“मंग?”

मग काय, ते तिला सुचेना. कबुतर बसलं होतं, एवढंच. तिच्या जागी तो असता तर कबुतर कुठून आलं, कोणाशी भांडून आलं, सगळं सांगितलं असतं. तिचे शब्द तिथंच संपले. उकंडानं पुन्हा भिंतीकडे तोंड फिरवलं.

शेजारच्या खाटेवर हिरासिंग होता. महागावकडच्या एका तांड्यावरचा बंजारा गडी, दांडगा, मिशीवाला. तोही फवारताना कोसळला होता. त्याच्याजवळ बायको होती, जमनी. कौसल्याच्याच वयाची, दोन्ही हातांवर गोंदलेलं, आवाज असा की वार्डाच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जावा. एके पहाटे तिनं कौसल्याला दंडाला धरून उठवलं.

“चाल वं बाई. मागं नळ हाय. आंग धू. किती दिवसाचं लुगडं हाय ते आंगावर?”

“हे एकले…”

“हे कुठी पळून जाते? बांधून ठेवलं हाय दोघायले.”

मागच्या नळाला पहाटे धो धो पाणी यायचं. गावात पाण्यासाठी उन्हाळ्यात कोस कोस चालणाऱ्या त्या दोघी. त्या नळाखाली बसल्या की उठवेनात. जमनीनं कौसल्याचं डोकं धुऊन दिलं, बोटांनी केस विंचरले. लुगडी व्हरांड्याच्या कठड्यावर वाळत पडली. आईच्या मागे कोणी आपलं डोकं असं धुतलं नव्हतं, हे कौसल्याच्या मनात आलं आणि तिला एकदम बरं वाटलं. बरं वाटलं म्हणून लगेच वाईटही वाटलं.

दुपारी कोणी भली माणसं मोठ्या डब्यांतून खिचडी वाटायला आणायची. दोघी व्हरांड्यात सावलीला बसून खायच्या. जमनी पहिल्या घासालाच म्हणायची, “आयतं भेटून राह्यलं. असं त मले माहेरीबी कोनी वाढलं नाई.”

“असं काय बोलतं वं?”

“खरं बोलतो. इतल्या वर्सात दुपारचं आडवं होयाले भेटलं का तुले? सांग.”

भेटलं नव्हतं. दुपारी, उन्हाच्या वेळी, नुसतं पाय पसरून पडायचं, कोणी हाक मारायची नाही, निंदताना कोणाची ओळ, कोणाचा तास मागे राहायचा नाही. व्हरांड्याच्या गार फरशीवर कौसल्याला अशी झोप लागायची की जागी झाल्यावर आपण कुठं आहोत ते थोडा वेळ आठवायचंच नाही. तेवढा वेळ फार सुखाचा. मग आठवायचं, आणि ती धावत वार्डात जायची.

आपला नवरा आंधळा होऊन पडला आहे आणि आपण झोपतो, खातो, केस धुतो, याची तिला लाज वाटायची. एकदा ती हे जमनीला बोलली. जमनी खरकटी ताटली धुवायला उठली होती, ती तशीच उभी राहिली.

“मंग काय करतं? न झोपून त्याईचे डोये येते का?” आणि थोड्या वेळानं, आवाज खाली आणून, “मलेबी वाटते. पन काय करतो मी? माया हातात काय हाय?”

हिरासिंगचं बरळणं काही कमी होत नव्हतं. मधूनच शुद्धीवर यायचा, जमनीला ओळखायचा, गुरांना चारा टाकला का विचारायचा. मधूनच पुन्हा कुठल्या कुठं निघून जायचा. त्याचा बाप, आजा गुरांचा व्यापार करणारे. घाटावरून बैल आणून विदर्भातल्या बाजारांत विकायचे. त्यानं स्वतः लहानपणी ते पाहिलं होतं, आणि आता तापात त्याला तेच दिसत होतं.

एका सकाळी त्यानं मान वळवून शेजारच्या खाटेकडे पाहिलं आणि खड्या आवाजात विचारलं, “हा बैल कोनाचा हाय?”

जमनी म्हणाली, “अवो, बैल नोय तो. उकंडाभाऊ हाय.”

“बैल मस्त हाय. पन म्हातारा दिसते. दात दाखव म्हना.”

 उकंडाला वाईट वाटेल म्हणून कौसल्या त्याच्या खाटेशी गेली. उकंडा नेहमीसारखा भिंतीकडे तोंड करून पडला होता. तो हलला. हळूहळू उताणा झाला, आवाजाच्या दिशेनं तोंड केलं आणि ओठ मागे ओढून दात दाखवले.

“सहा दाती हाय,” हिरासिंग म्हणाला. “मायले! हा त जवान हाय. चालते का सरळ?”

“लंगडत नाई,” उकंडा म्हणाला. कितीतरी दिवसांनी त्याचा आवाज निघाला होता, खरखरीत, फाटल्यासारखा. “पन दिसत नाई त्याले.”

“दिसत नाई?” हिरासिंग विचारात पडला. “मंग वखराले कामाचा नाई. घान्याले चालंल. घान्याच्या बैलाचे त डोये बांधाच लागते. ह्याचे बांधाचं काम वाचलं.”

 आणि मग उकंडा हसला. आधी पोट हललं, मग खांदे, मग बांधलेले हात खाटेच्या दांडीवर आपटू लागले. “घ्या मंग! घ्या म्हना घान्यावाल्यानं! शिंगं पाहा ना बाप्पा, मायी शिंगं कशी हायत?”

“शिंगं काही बरी नाई.”

जमनी खाली बसली. पदर तोंडात कोंबला तरी तिला हसू आवरेना. कौसल्यानं तिच्याकडे पाहिलं आणि तिचंही सुटलं. दोघी एकमेकींच्या अंगावर पडून हसू लागल्या. पलीकडच्या खाटांवरची माणसं उठून पाहू लागली, त्यांच्यातही कोणी हसलं. सिस्टर धावत आली, “काय चाललंय हे, दवाखाना आहे की बाजार?” असं ओरडली, आणि हिरासिंगनं तिला विचारलं, “बाई, दोर तुमीच देता का आमी आनाव?” तेव्हा तीही तोंड फिरवून उभी राहिली. तिचे खांदे हलताना कौसल्यानं पाहिले.

हसून झाल्यावर कौसल्याचे डोळे पाण्यानं भरले होते, पोट दुखत होतं. इतकं ती कधी हसली होती ते तिला आठवत नव्हतं. लग्नातही नाही. तिनं उकंडाचं तोंड पुसलं, त्यानं पाणी मागितलं, मग पोहे मागितले. बाहेरच्या टपरीवरून आणलेले पोहे त्यानं घासाघासाला “तर्री कमी हाय” असं म्हणत सगळे खाल्ले. कौसल्याला त्या टपरीवाल्याचे पाय धरावेत असं वाटलं.

त्यानंतर दोन्ही गड्यांचा तो खेळच झाला. हिरासिंगला शुद्ध असो नसो, सकाळी तो विचारायचा, “बैलानं चारा खाल्ला का?” आणि उकंडा हंबरायचा.

मग हिरासिंगनं विचारणं बंद केलं. त्याला धाप लागू लागली. डॉक्टर वारंवार येऊ लागले, त्याच्या नाकातोंडाला नळ्या लागल्या, मशीन आलं. जमनीचा तो दणदणीत आवाज कुठं गेला कोण जाणे. ती त्याचे तळपाय चोळत बसायची. कौसल्या तिच्या शेजारी बसायची. तिला जमनीचं डोकं धुऊन द्यायचं होतं, काहीतरी बोलायचं होतं. पण जमनी नळावर यायला तयार नव्हती, आणि बोलणं कौसल्याला कधीच जमलं नव्हतं. ती दुसरा पाय चोळू लागली. तो गार होता. तिनं ते जमनीला सांगितलं नाही. जमनीच्या हातातलाही पाय गारच असणार.

दुसऱ्या दिवशी सकाळी कौसल्या उकंडाला खाऊ घालत होती. त्याचे हात आता सोडले होते. हिरासिंगच्या खाटेभोवती सिस्टरनं हिरवा पडदा ओढला होता. आत पळापळ चालली होती. कौसल्याचा जीव तिकडे, हात इकडे. इतक्यात उकंडानं तिचं मनगट धरलं.

“थांब.”

“काय झालं?”

“हिरवं हाय तिकडं काही?”

तिच्या हातातून चमचा पडला.

“हिरवं हलून राह्यलं,” तो म्हणाला. “झाडासारखं. कौसल्ये, मले हिरवं दिसून राह्यलं!” त्याचा चेहरा असा उजळला की तिला तो पाहवेना. “हिरासिंगभाऊले सांग. सांग त्याले, बैलाले दिसाले लागलं म्हना. त्याचा भाव वाढवा लागते आता.”

पडद्याआड जमनीनं हंबरडा फोडला.

उकंडाचा हात तिच्या मनगटावर तसाच राहिला. कौसल्याच्या छातीत एकाच वेळी दोन गोष्टी उसळल्या होत्या आणि त्यातली कोणती आधी बाहेर येईल याची तिला भीती वाटत होती. नवऱ्याला दिसलं. तिला ओरडून सांगावंसं वाटत होतं, सिस्टरला, डॉक्टरला, सगळ्या वार्डाला. आणि ज्या पडद्याचा रंग त्याला दिसला, त्याच्या आत तिच्या मैत्रिणीचा संसार मोडला होता. आपला वाचला. आपला हाय. हे तिच्या मनात आलं, अगदी स्पष्ट शब्दांत आलं, आणि तिला स्वतःचीच किळस आली.

“कोन रडलं?” उकंडानं विचारलं.

“कोनी नाई. त्याईले दुसऱ्या वार्डात नेऊन राह्यले.”

 त्याचे डोळे हिरव्याकडेच होते. थोड्या वेळानं त्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि तिला कळलं की तिचं खोटं एका क्षणाचंही टिकलं नाही.

जमनी जाताना भेटलीसुद्धा नाही. तांड्यावरून माणसं आली, गाडी आली. तिला दोन्हीकडून धरून नेत होते. कौसल्या व्हरांड्यात उभी राहिली. जमनीचं लुगडं कठड्यावर वाळत होतं ते तिनं काढलं, घडी केलं आणि पळत जाऊन गाडीत तिच्या मांडीवर ठेवलं. जमनीनं त्या लुगड्याकडे पाहिलं, हे कोणाचं म्हणून. एवढंच.

काही दिवसांनी उकंडाला घरी सोडलं. उजव्या डोळ्यानं त्याला दिसत होतं, पण दुधातून पाहावं तसं. डावा गेला तो गेलाच. हात थरथरायचे. चार पावलं चालला की धाप लागायची. गावातली माणसं भेटायला आली, शेजारच्या विमलताई गुंजनला घेऊन आल्या. त्यांनीच एवढे दिवस मुलीला सांभाळलं होतं. सगळे म्हणत होते, नशीब म्हणायचं, जिवावरचं डोळ्यावर निभावलं. उकंडा मान हलवायचा. “वरचं” हा शब्द मात्र त्याच्या तोंडून पुन्हा आला नाही. कौसल्या त्याची वाट पाहायची. ज्या शब्दाचा तिला वीट आला होता तोच शब्द त्यानं एकदा तरी म्हणावा म्हणून ती मुद्दाम काही काही काढायची. भाजीला आज चव आली ना? हो, आली. एवढंच.

एकदा तिनं त्याला बाजारात न्यायला घराबाहेर काढलं. गुंजन एका बाजूला, ती दुसऱ्या बाजूला. वेशीपर्यंतच गेले. तिथं तो थांबला आणि म्हणाला, “सगळं पांढरं पांढरं दिसते. घरी चाल.” ती काय करणार? तिनं त्याला परत आणलं.

वेचणी सुरू झाली. अळीनं बोंडं पोखरलेली, कापूस किडका, पिवळा, बोंडातून निघता निघेना. दिवसभर वेचून ओटी भरायची नाही. बाया वैतागायच्या. कौसल्या त्या तासातून चालताना सारखी जमनीचा विचार करायची. तीही अशीच कुठं तरी वेचत असेल. एके दिवशी घरी येऊन ती उकंडाला म्हणाली, “मी महागावले जाऊन येतो म्हनतो. जमनीकडं.”

उकंडानं तोंड दुसरीकडे वळवलं. “जाय. मी नाई येत. माया तोंडाकडं पाहून तिले काय वाटंल?”

हीच भीती तिलाही होती. जिचा वाचला ती, जिचा गेला तिच्या दारात, कोणत्या तोंडानं जाणार? पण ती गेली. एसटीनं यवतमाळ, तिथून दुसरी गाडी, पुढे फाट्यावर उतरून पायी. जवसाची चटणी तेवढी बांधून घेतली होती. तांड्यावर विचारलं तर एका पोरीनं बोट दाखवलं, जमनी वावरात आहे, त्या धुऱ्याच्या, बांधाच्या पलीकडे.

जमनी वाकून वेचत होती. हात मोकळे, कपाळ मोकळं. वाळली होती. तिनं मान वर केली, कौसल्याला पाहिलं.  कौसल्यानं चटणीची पुडी धुऱ्यावर ठेवली, पदराची ओटी बांधली आणि शेजारचा तास धरला.

बराच वेळ नुसता कपाशीच्या वाळक्या पऱ्हाटीचा आवाज येत होता. मग जमनीनं न पाहताच विचारलं, “दिसते का त्याईले?”

“एकानं. थोडंसं.”

“जेवते बरोबर?”

“जेवते.”

“मंग बरं हाय,” जमनी म्हणाली. त्यात टोचणारं काही नव्हतं. पुढची बोंडं वेचता वेचता ती म्हणाली, “लोकं म्हनते रड. रडतो मी. पन मधातच तो बैलबाजार आठवते अन् मले हसू येते. सासू म्हनते, हे पागल झाली. कोनाले सांगू?”

“मले सांग,” कौसल्या म्हणाली. 

दुपार कलल्यावर जमनी तिला घरी घेऊन गेली. अंगणात तिची सासू रामीबाई बसली होती. घागरा-कांचळीतली म्हातारी, हातभर पांढऱ्या बांगड्या, बलोय्या, नजर मंद झालेली. कोण बाई आली म्हणून जमनीनं तिच्या कानाशी बंजाऱ्यांच्या गोरबोलीत काहीतरी सांगितलं. म्हातारी उठली. सरळ कौसल्याजवळ आली, तिच्या गळ्यात हात टाकले, डोकं तिच्या खांद्यावर ठेवलं आणि सुरात रडायला लागली. त्या लोकांत भेटायला आलेल्या बाईला धरून असंच रडतात. गाण्यासारखे लांब लांब शब्द, मधेच हिरासिंगचं नाव. कौसल्याला त्यातलं दुसरं काहीच कळत नव्हतं. हात कुठं ठेवावेत हेही कळत नव्हतं. म्हातारीच्या अंगाला गोवरीच्या धुराचा वास येत होता, तिची हाडं पाखरासारखी हलकी लागत होती. आणि कौसल्या रडली. उकंडानं “आभाळ आलं का” विचारलं त्या दुपारपासून ती रडलीच नव्हती, हे तिला त्या वेळी समजलं. जमनीही येऊन त्या दोघींना बिलगली. कोण कोणासाठी रडत होतं, कोणालाच सांगता आलं नसतं.

मग म्हातारी एकदम थांबली. पदरानं आधी कौसल्याचं तोंड पुसलं, मग स्वतःचं, आणि मोडक्या मराठीत म्हणाली, “बस, बाई. गाय व्याली काल. खरवस केला हाय.”

जमनीनं पितळी ताटलीत खरवसाच्या वड्या आणून ठेवल्या. गूळ घातलेला, तांबूस, अजून कोमट. अंगणाच्या कोपऱ्यात ते वासरू थरथरत्या पायांवर उभं राहायची खटपट करत होतं, पडत होतं, पुन्हा उठत होतं. गाय त्याला चाटत होती. तिघी ते पाहत खात होत्या. कौसल्याच्या तोंडात वडी विरघळली. रडून घसा दुखत होता आणि त्या दुखऱ्या घशातून ते गोड खाली उतरत होतं. फाट्यावरची शेवटची गाडी चुकणार, उकंडा घरी एकटा चाचपडत असेल, उद्याचा रोज बुडणार, सगळं तिला ठाऊक होतं. त्यातल्या कशाचंही ती काही करू शकत नव्हती.

“घे ना आनखीन,” जमनी म्हणाली. “लाजतं कायले?”

कौसल्यानं ताटली पुढे केली.